कूपनवरची मोटारगाडी

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना स्पीड पोस्टाने एक लिफाफा आला. त्यातल्या स्क्रॅच कूपनवर मोटारगाडीचे बक्षीस निघाले असून, नोंदणी शुल्क म्हणून साडेबारा हजार रुपये एका बचत खात्यात भरावयास सांगितले आहे. पत्र टपालाने, शिक्क्यानिशी आले म्हणजे ते खरेच असणार, असे त्यांचे म्हणणे आहे. हल्ली अशी फसवणूक इंटरनेटवरूनच होते ना?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : रक्कम भरू नये. ही फसवणूक मुळात टपालातच वाढली. पॅरिसजवळच्या बिसेत्र तुरुंगातील कैदी पुरलेल्या धनाची आमिषे दाखवून अनोळखी श्रीमंतांकडे खर्चापुरते पैसे मागत. अशा शंभर पत्रांपैकी वीसांना उत्तर येई, असे विदोक या फ्रेंच गुन्हेशोधकाने १८२८ सालच्या आठवणींत नोंदवले आहे. पुढे १९८० नंतर नायजेरियातून अडकलेल्या कोट्यवधी डॉलरांची पत्रे जगभर जाऊ लागली आणि तेथील फौजदारी संहितेतील ४१९ हे कलम या धंद्याचे नावच होऊन बसले. ईमेल आल्यावर तिकिटाचा खर्च वाचला, एवढाच काय तो फरक. आता तसल्या ईमेल कचऱ्यात जातात, मात्र नाव-पत्ता अचूक लिहिलेला लिफाफा वडीलधारी माणसे जपून ठेवतात, हे या मंडळींना पक्के ठाऊक आहे. (आपल्या सासऱ्यांना कोणी भोळे म्हणू नये, टपाल खात्यावरील त्यांचा विश्वास रास्तच आहे, पण पोस्टाचा शिक्का पत्र कोठून निघाले एवढेच सांगतो, आतल्या मजकुराची हमी देत नाही.)

पत्रात बहुधा कराचाही उल्लेख असेल, आणि तेथेच सुशिक्षित माणूस फसतो, कारण बक्षिसावर ३० टक्के आयकर खरोखरच लागतो. तथापि रोख बक्षिसातून तो देणाराच कापून घेतो. वस्तूच्या बक्षिसावर विजेत्याला भरावा लागला, तरी तो सरकारजमा होतो, कोणा व्यक्तीच्या बचत खात्यात नव्हे. नोंदणीचे पैसे दिलेत की विमा, मग वाहतूक, मग जीएसटी अशा मागण्या येत राहतील.

लिफाफा फाडून टाकू नये. त्यावरील तेरा अक्षरांकांचा क्रमांक डाक विभागाच्या संकेतस्थळावर घातल्यास तो कोणत्या कार्यालयातून पाठवला गेला ते कळते; ती माहिती, कूपन आणि खाते क्रमांक घेऊन पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. ऑनलाइन रक्कम गेलीच असेल, तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यात वळण्यापूर्वीच ते थोपवता येतात.