मूळ रंग वाचवायचा, पण मुदतठेव मोडून नाही

कोल्हापूरच्या एका वाचकांकडे आजोबांनी नवी घेतलेली १९७३ची प्रीमियर प्रेसिडेंट आहे. तीसेक वर्षांपूर्वी तिला पांढरा रंग दिला गेला. आता डिकीच्या कडेला पोपडा निघालाय आणि खालून मूळ फिकट निळा दिसतोय. वरचा रंग हाताने उतरवून निळा वाचवायचे गॅरेजवाल्याने २,७५,००० सांगितले. सगळं पत्र्यापर्यंत खरवडून नव्याने निळा मारायचे १,४०,०००. घरात मुदतठेव ४ लाखांची, खर्च महिन्याला ५५,०००, शिल्लक पडते १८,०००, आणि मुलगी दोन वर्षांनी इंजिनीअरिंगला जाईल. ‘ठेव मोडू का? गाडीची किंमत वाढून पैसे सुटतीलच ना?’ असं त्यांनी विचारलंय.

ठेव मोडू नका. आणि स्वस्त पडतंय म्हणून १,४०,०००चं कामही देऊ नका. कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडीवर चढून आलेला रंग एकदा खरवडला की गेला. तो कितीही पैसे टाकून परत येत नाही. गाडी कोरड्या जागी झाकून ठेवलीत तर थांबण्याने मात्र फारसं काही बिघडत नाही. म्हणून आधी थोडे पैसे घालून खाली नेमकं काय उरलंय ते बघा.

वरचा रंग कुठल्या जातीचा आणि खालचा कुठल्या, यावर खर्च ठरतो. पांढऱ्या कापसाच्या बोळ्यावर एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर घ्या आणि डिकीच्या आतल्या कडेला, सहज दिसणार नाही अशा जागी, हलक्या हाताने फिरवा. बोळ्याला रंग लागला तर तो एनसी, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ड्युको. रंग सुरकुतला तर बहुधा सिंथेटिक एनॅमल. काहीच झालं नाही तर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, असण्याची शक्यता जास्त. मग हीच चाचणी उघड्या पडलेल्या निळ्यावर, नखाएवढ्या जागेत करा. पांढरा सुटतोय आणि निळा जागचा हलत नाही असं दिसलं, तर काम बरंच सोपं आहे आणि २,७५,००० हा भाव जास्त आहे. उलट निघालं, म्हणजे वर पीयू आणि खाली ड्युको, तर पांढऱ्याला सोडवणारं रसायन निळ्याला आधी खाईल. मग सुटेल तिथे प्लास्टिकच्या पात्याने उचलायचा आणि उरलेला पाण्याच्या पेपरने, १०००, १५००, २००० असं बारीक होत जात, इंच इंच घासायचा. ही मजुरी खरोखरच महाग असते. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडं घासू देऊ नका. पेंट रिमूव्हर तर गाडीच्या जवळही नको; तो दोन्ही थर एकदमच काढतो.

तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेख नाही, गॅरेजवाल्याला ती जरूर विचारा. नवा रंग धरावा म्हणून जुना आधी घासून घेतात. तेव्हा निळा थर आधीच पातळ झालेला असणार, कडांवर तर फारच. आणि जिथे पत्रा ठोकून लांबी (पुट्टी) भरली असेल तिथे बहुधा निळा उरलेलाच नसेल. रंगाची जाडी मोजायचं यंत्र काही हजारांत मिळतं. आकडा एखाद्या जागी एकदम कितीतरी पटीने चढला, तर तिथे लांबी आहे असं समजा. दोन दरवाजे आणि बॉनेट असे निघाले, तर पूर्ण गाडीचे पैसे कशाचे द्यायचे?

आता हिशेब. अडीअडचणीला सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी हवा; तो ३,३०,००० होतो. ठेवीतून २,७५,००० काढले तर उरतात १,२५,०००, म्हणजे जेमतेम सव्वादोन महिने. मुलीच्या प्रवेशाआधी घर इतकं उघडं पाडू नका. शिल्लक पडणाऱ्या १८,००० मधले १०,००० फीसाठी रिकरिंगला लावा. दोन वर्षांत व्याज सोडून २,४०,००० होतील. उरलेले ८,००० गाडीचे. बॉनेट, डिकी, चार दरवाजे, चार मडगार्ड आणि टप असे अकरा भाग धरले तर एका भागाला २५,००० पडतात, म्हणजे तीन महिन्यांत एक भाग. सुरुवात डिकीपासून. ती मनासारखी झाली नाही तर तिथेच थांबायची मुभा गॅरेजकडून लेखी घ्या.

किंमत वाढेल या भरवशावर एक रुपयाही घालू नका. आजोबांची गाडी आहे म्हणून घाला, ते कारण पुरेसं आहे. पुढेमागे विकावी लागलीच, तर स्वतः वापरलेल्या गाडीच्या नफ्यावर भांडवली नफा कर लागत नाही. पण वापर दाखवता यायला हवा. १९३१च्या एका फोर्ड टूररच्या विक्रीवरचा नफा मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये करपात्रच ठरवला, कारण ती खासगी वापरात असल्याचा पुरावा नव्हता. पेट्रोल, सर्व्हिसिंग, विम्याच्या पावत्या जपून ठेवा. पन्नास वर्षं उलटली असल्याने व्हिंटेज नोंदणीही करता येईल, पण मग गाडी रोज चालवता येणार नाही. नोंदणीचे २०,००० रुपये भरण्याआधी हे पक्कं ठरवा.

आरसीवर रंग पांढरा नोंदलेला आहे का तेही बघा. असेल, तर गाडी निळी झाल्यावर आरटीओत नोंद बदलून घ्यावी लागेल. मधली जवळपास तीन वर्षं ती दोन रंगांत दिसणार आहे, म्हणून पहिला भाग कामाला द्यायच्या आधीच तिथे विचारून या.