वाऱ्याने झिजलेले खडक बघायला मुद्दाम अमेरिकेतल्या युटा राज्यापर्यंत जाण्यात अर्थ आहे का? फोटो तर सगळे नेटवर आहेतच.

आहे. फोटोत उंची कळत नाही. तिथल्या आर्चेस नॅशनल पार्कातली डेलिकेट आर्च ही दगडी कमान जवळजवळ १६ मीटर उंच आहे, पण तिच्याखाली माणूस उभा दिसेपर्यंत ते पटत नाही.

आणि ‘वाऱ्याने झिजलेले’ हे अर्धंच खरं. कमानींचं मुख्य काम पाण्याचं. वालुकाश्माचे कण धरून ठेवणारा चुना पाण्यात विरघळतो, भेगांत शिरलेलं पाणी थंडीत गोठून फुगतं आणि खपल्या सुटतात. सुटलेली वाळू वारा उडवून नेतो. हे मी आमच्या साडूंना समजावलं तर म्हणाले, “म्हणजे वारा नुसता झाडूवाला.” बरं, तसं म्हणा.

साडूंचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आम्ही दोन्ही कुटुंबं युटातल्याच गॉब्लिन व्हॅलीत गेलो होतो. तिथे त्या भुतासारख्या दगडांमधून मोकळं हिंडता येतं. डोक्याचा थर टणक, खालचा मऊ, म्हणून मान आधी झिजते. साडूंनी नेमका अशाच एका मानेला खांदा लावला. ढकलतोय अशी पोझ, “फोटोपुरतं रे!” म्हणाले. मी ओरडलो. ते बाजूला झाले तेव्हा शर्टाच्या खांद्यावर तांबडी वाळू होती आणि दगडावर तेवढाच ताजा, फिकट पट्टा.

२०१३ साली याच ठिकाणी काही जणांनी असा एक दगड खरोखर ढकलून पाडला, वर व्हिडिओ काढला, आणि खटला झाला. हे ऐकवलं तर साडू म्हणतात, “तो पडणारच होता. २००८ मध्ये वॉल आर्च आपोआप कोसळली, तेव्हा कोणावर केस केली?” परतीच्या वाटेवर गाडीत फक्त बायका बोलत होत्या.

माझं म्हणणं आजही तेच आहे. म्हातारा माणूस एक दिवस जाणारच, म्हणून त्याला कोणी जिन्यावरून ढकलत नाही.

बाकी, सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा, दुपारी सगळं सपाट दिसतं. डेलिकेट आर्चच्या वाटेवर सावली जवळपास नाहीच, पाणी भरपूर घ्या. पायवाट सोडू नका. वाळूवरची ती काळपट खडबडीत साय म्हणजे सूक्ष्मजीवांचा जिवंत थर असतो, एकदा तुडवली की भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. पाऊस पडून गेला असेल तर खडकावर चढायचं नाही, भिजलेला वालुकाश्म ठिसूळ होतो. आर्चेस नॅशनल पार्कात नाव असलेल्या कमानींवर चढायला तर एरवीही बंदी आहे. “चार पावलांनी काय होतंय” म्हणणारं कोणी बरोबर असेल तर हे घरीच सांगून ठेवा, तिथे पोचल्यावर उपयोग नसतो.

हां, उन्हाळ्यात लहान मुलांना घेऊन जाणार असाल तर माझं वरचं ‘आहे’ मागे घेतो. वसंत किंवा शरद धरा.

लँडस्केप आर्च मात्र चुकवू नका. १९९१ मध्ये तिची मोठी लादी निखळून खाली आली, त्यानंतर कमानीखालून जाणारी वाट बंद केली आणि ती लांबूनच बघावी लागते. साडूंच्या मते पार्कवाले उगाच घाबरतात.