पाय फाकवून बांधलं तर बाळ फेंगडं होतं का?

मागच्या अंकात मी बाळाला स्लिंगमध्ये (अंगाशी बांधायच्या कापडी झोळीत) घेऊन मंडईत जाते असं एक वाक्य काय लिहिलं, पत्रांचा ढीग पडलाय, आणि निम्म्या पत्रांत "आमच्या वेळी नव्हतं हे असलं" आहेच. त्यातली चार घेतलीयेत.

प्रश्न : ताई, बाळ अडीच महिन्यांचं आहे. रॅपमध्ये (लांब कापड अंगाभोवती गुंडाळून) छातीशी बांधलं की शांत झोपतं, खाली ठेवलं की रडतं. सासूबाई म्हणतात पाय असे फाकवून ठेवलेस तर फेंगडे होतील आणि हाताची सवय लागेल ती वेगळीच. त्यांना दुपट्यात घट्ट बांधलेलं बाळच आवडतं. रोज यावरून कुरबुर. कोण बरोबर? (सांगली)

उत्तर : पायांचं म्हणशील तर तू.

अगं, बाळ पोटात पाय दुमडूनच राहिलेलं असतं त्यामुळे जन्मतः पाय थोडे वाकडे दिसतातच, ते दीड-दोन वर्षांत आपोआप सरळ होतात, मालिशवाल्या बाई ओढतात म्हणून नाही. आता खुब्याचा सांधा बघ, वाटीत बसवलेला गोळा असतो तो, आणि तान्ह्या बाळाची ही वाटी अजून कच्ची असते. मांड्या वर आणि बाजूला, बेडकासारख्या असल्या की गोळा वाटीत नीट बसतो आणि पाय सरळ ताणून करकचून बांधले की तो बाहेर सरकायला बघतो. म्हणजे घाबरायचंच असेल तर त्या घट्ट दुपट्याला घाबरा. जपानमध्ये 1975 च्या सुमारास बाळांचे पाय ताणून गुंडाळू नका अशी मोहीमच काढली होती, आणि आधी जिथे शंभरात एक ते साडेतीन बाळांचा खुबा निखळलेला सापडायचा तिथे पुढे हजारात दोनपर्यंत आकडा खाली आला. दुपटं बांधू नका असं नाही, कमरेखाली ढगळ ठेवा म्हणजे झालं. आणि सासूबाईंना एवढंच विचार, तुझ्या नवऱ्याला त्यांनी वर्षभर कडेवर घेतलं तेव्हा त्याचे पाय कुठे होते? फाकलेलेच ना? झालाय का तो फेंगडा? (हसत विचार हं, नाहीतर माझं नाव पुढे करशील.)

तुझ्या रॅपमध्ये एवढं बघ, कापड एका गुडघ्याच्या मागून दुसऱ्या गुडघ्याच्या मागपर्यंत पसरलेलं हवं आणि गुडघे ढुंगणापेक्षा जरा वर. नुसतं दोन मांड्यांच्या मध्ये पट्टीसारखं कापड आणि पाय खाली लोंबतायत असं नको.

हाताच्या सवयीचं काय, कॅनडात मॉंट्रियलला 1986 साली एक अभ्यास झाला होता, आयांना सांगितलं की बाळ रडत नसतानाही रोज जादाचे तीनेक तास उचलून घ्या, तर सहा आठवड्यांच्या वयाला ती बाळं इतरांपेक्षा 43 टक्के कमी रडत होती. पण खरं सांगायचं तर नंतर पोटशूळवाल्या बाळांवर तसंच करून बघितलं तेव्हा फरक पडला नाही. त्यामुळे संध्याकाळी सात वाजता तुझं बाळ स्लिंगमध्येही भोकाड पसरून रडलं तर तुझं काही चुकलं असं समजू नकोस.

आता तू न विचारलेलं सांगते कारण पायांपेक्षा मला हेच महत्त्वाचं वाटतं. चार महिन्यांच्या आतल्या बाळाची मान भरलेली नसते, हनुवटी छातीवर टेकली की श्वासाची वाट दुमडते आणि ते धडपडत नाही, ओरडत नाही, गप्प पडून राहतं, आपल्याला वाटतं किती छान झोपलंय. म्हणून हनुवटीखाली दोन बोटं जायला हवीत, तोंडावर कापड नको, आणि मान जरा खाली केली की बाळाच्या डोक्याचा पापा घेता आला पाहिजे, तेवढं वर बांधायचं. बांधणं घट्ट हवं, वाकलीस तर बाळ तुझ्यापासून सुटायला नको, आणि वाकताना एक हात त्याच्या पाठीला ठेवायचाच. आडव्या पिशवीसारख्या स्लिंग मिळतात, बाळ त्यात धनुष्यासारखं वाकून खाली कंबरेशी जातं, त्या घेऊच नका. अमेरिकेत 2010 मध्ये त्यात बाळांचे मृत्यू झाल्यावर तसल्या दहा लाख स्लिंग परत मागवल्या होत्या. बाळ दिवस भरायच्या आधी झालेलं असेल किंवा सर्दीने नाक चोंदलं असेल तर आधी डॉक्टरांना विचार.

प्रश्न : आईची जुनी सुती साडी आहे, तीच रॅप म्हणून वापरली तर? विकतचे रॅप फार महाग आहेत. (नागपूर)

उत्तर : चालते, पण सगळ्या साड्या नाही. रॅप साधारण साडेचार मीटर लांब आणि सत्तर सेंटीमीटरच्या आसपास रुंद असतो, तुमची पाचवारी साडेपाच मीटरची आणि रुंदीला बरीच जास्त, म्हणजे खांद्यावर बोचकं होणार आणि नागपूरच्या मे महिन्यात ते कुणाला सोसणार, मग काठ ठेवून रुंदी कमी करून घ्या. जरीचे काठ असतील तर काढूनच टाका, बाळाच्या गालाला टोचतात. साडी खिडकीच्या उजेडासमोर धरा, घड्यांच्या जागी उजेड आरपार दिसला तर ती साडी दुपटी शिवायला ठेवा, बाळाचं वजन तिला झेपणार नाही. सिंथेटिक नकोच, गाठ सरकते.

आणि रिंग (कापड ओवून आवळायच्या कड्या) लावून शिवून घेणार असाल तर जोड नसलेल्या, खास स्लिंगसाठीच्या रिंग घ्या. मी पहिल्या मुलीच्या वेळी एका प्रदर्शनातून छान इरकली काठाची रिंग स्लिंग घेतली होती, दीड महिन्यात कापडाला रिंगजवळ धागे सुटायला लागले, बोट फिरवून बघितलं तर रिंगच्या वेल्डिंगवर तांदळाएवढा खडबडीत उंचवटा. मुलगी तेव्हा सहा किलोची. विकणाऱ्या बाई म्हणाल्या "धुताना झालं असेल". बरं!

प्रश्न : मुलगी सात महिन्यांची आहे. ऑफिसला जाताना तिला पाळणाघरात सोडतो, स्कूटरवर पुढे कॅरिअरमध्ये (पट्ट्यांच्या तयार झोळीत) बांधून नेलं तर चालेल ना? हळूच चालवतो. (पुण्याहून एक बाबा)

उत्तर : नाही. तुम्ही पडलात तर ती हँडल आणि तुमच्यामध्ये सापडते, यात हळू-जोरात काही नाही. चार वर्षांच्या आतल्या मुलांसाठी 15 फेब्रुवारी 2023 पासून दुचाकीवर सेफ्टी हार्नेस (मुलाला चालवणाऱ्याशी जोडून ठेवणारे पट्टे) लागतो, नऊ महिन्यांपासून हेल्मेटही, आणि वेग ताशी 40 च्या आत, आणि हा हार्नेस वेगळा, आपला बेबी कॅरिअर त्याच्या जागी चालत नाही. तुमची तर अजून नऊ महिन्यांचीही नाही. रिक्षा करा, पैसे गेले तर जाऊ देत.

प्रश्न : मुलीकडे सॅन होजेला आलेय. नातू सव्वा वर्षाचा, दहा किलो, आणि सारखं "आजी उचल". कडेवर घेऊन माझी उजवी कंबर गेलीय. मला जमेल का हे बांधणं? (एक आजी)

उत्तर : काकू, का नाही जमणार! कडेवर घेताना सगळं वजन एका बाजूला येतं आणि आपण ती बाजू बाहेर काढून उभे राहतो, कंबर जाणारच. रिंग स्लिंगने हात मोकळे होतात पण भार एकाच खांद्यावर राहतो, म्हणून तुम्हाला कमरेचा रुंद पट्टा असलेला बकलवाला कॅरिअर बरा, तोही पाठीवर. नातू स्वतः बसायला लागलाय त्यामुळे पाठीवर चालेल. पाठीवर म्हटलं की सगळ्यांना झाशीच्या राणीचा पुतळा आठवतो, पण दामोदरराव तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होता, त्या मानाने तुमचा दहा किलोचा नातू म्हणजे काहीच नाही! पट्टा पोटावर नाही, खुब्याच्या हाडांवर घट्ट आवळा, मग खांद्यावरचं ओझं उतरतं.

आणि त्याला घ्यायच्या आधी पाच किलो तांदळाची पिशवी बांधून घरात दोन चकरा मारा. मग पलंगासमोर उभं राहून, मुलीला मागे उभं करून नातवाला चढवा, पहिल्या दिवशी दहा मिनिटं पुरे. गॅसजवळ मात्र त्याला पाठीवर घेऊनही जायचं नाही, फोडणीकडे हात जातोच त्यांचा.