‘तुम्ही पेशंटच्या कोण?’

तुम्ही विचारलंय, लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडीदाराला आयसीयूत भेटायला घरचे अडवू शकतात का. शकतात की नाही ते सोडा, अडवतात. मला चार दिवस अडवलं.

अकरा वर्षं आम्ही पुण्यात एका घरात राहतोय. तो बाथरूममध्ये पडला, रिक्षात घालून मीच नेलं, डिपॉझिट मीच भरलं. रात्री त्याचा धाकटा भाऊ गावाहून आला आणि पास त्याच्या गळ्यात गेला. एका पेशंटला एक पास, संध्याकाळी पाच मिनिटं. ‘ही बाई सह्या घेईल’ असं त्याने काउंटरवर सांगून ठेवलेलं. भांडण गावच्या घराच्या वाटणीचं, राग माझ्यावर.

चौथ्या दिवशी आयसीयूतल्या मावशी चहाला खाली आल्या. म्हणाल्या, साहेब काही विचारलं तर नुसते बघत राहतात, डॉक्टरांना डोक्याला मार लागलाय असं वाटतंय. त्याचं कानाचं मशीन माझ्या पर्समध्ये होतं! भावाला तो मशीन लावतो हेच ठाऊक नव्हतं. मावशींनी ते रुमालात गुंडाळून वर नेलं. तासाभरात डॉक्टरांनीच मला बोलावलं. मशीन लागल्यावर त्याने विचारलं होतं, “ती खाली काय करतेय?”

भेटीला कोणाला सोडायचं हे रुग्णालयाच्या नियमावर चालतं, त्याचा वेगळा कायदा नाही. पण पेशंट सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर त्याचं म्हणणं आधी, भावाचं नंतर. समीरा कोहली खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान मुलीच्या ऑपरेशनला आईची संमतीसुद्धा ग्राह्य धरली नाही. तेव्हा धडधाकट असतानाच लिहून ठेवा. वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार हवे-नकोत ते लिहिलेल्या कागदाला, २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतात, त्यात आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्यांची नावं घालता येतात.

माझी बहीण अजून ऐकवते, “रजिस्टरवर सही केली असतीस तर ही वेळ आली नसती.” आमच्या मामेभावाची बायको रीतसर लग्नाची, तिला सासूने दारातून परत पाठवलं होतं. तेव्हा ताई, सहीचं मला सांगू नकोस.

हां, पेशंट बेशुद्ध असेल तर गोष्ट वेगळी. आणि ते इच्छापत्र शेवटच्या आजारातल्या उपचारांपुरतं आहे, भेटीचा पास नव्हे. काउंटरवर दाखवायला त्याच्या सहीचं साधं पत्र वेगळं ठेवा. आमचं आता फ्रीजवर चिकटवलेलं आहे. डिस्चार्जच्या दिवशी भाऊ फिरकला नाही, आणि बिलाच्या खिडकीत मी पेशंटची कोण हे कोणी विचारलं नाही.