पांढरा भात सोडून लेकरू काही खातच नाही

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही परभणी जिल्ह्यातले. माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. खायची कटकट लहानपणापासूनच, पण आता फक्त पांढरा भात, दूध, मुरमुरे आणि एकाच कंपनीची बिस्किटं, बस. वरण नुसतं ताटात दिसलं तरी ओकारी येते. सासूबाई म्हणल्या उपाशी ठेव, आपोआप खाईल, तर ते खरंच दिवसभर उपाशी राहिलं आणि संध्याकाळी चक्कर आली. दृष्ट काढून झाली, जंताचं औषध झालं, टॉनिकं झाली. शाळेतल्या खिचडीला हात लावत नाही, वजन वाढेना. डॉक्टर म्हणले आहारतज्ज्ञांना दाखवा. पण डाएटवाले तर वजन कमी करायला असतात ना?

उत्तर : ताई, आधी एक सांगते, लेकरू हट्टी नाहीये आणि तुमचंही काही चुकलेलं नाही. साधं चोखंदळ पोरगं भूक लागली की खातं, हे दिवसभर उपाशी राहिलं म्हणजे गोष्ट वेगळी असू शकते. अशा खाणं टाळण्याच्या आजाराला आरफिड (ARFID) म्हणतात, २०१३ पासून आजारांच्या यादीत वेगळं नाव आहे त्याला. यात बारीक व्हायची इच्छा नसते. कुणाला वास, रंग, लिबलिबीतपणा सहन होत नाही, कुणाला घास अडकेल किंवा उलटी होईल याची भीती असते, कुणाला भूकच कमी लागते. त्याच्या घशात कधी काही अडकलं होतं का हे आठवून ठेवा, नक्की विचारतील. निदान मात्र डॉक्टरच करतील.

आता आहारतज्ज्ञ काय करतात, तर पहिल्याच दिवशी पालेभाज्यांची यादी देत नाहीत (देत असतील तर दुसरीकडे जा, मी स्पष्टच सांगते). आधी उंची-वजनाचा तक्ता बघतात, तो काय खातो, किती, कुठल्या वेळी, हे सगळं लिहून घेतात, आणि त्यावरून कशाची कमी पडत असेल ते डॉक्टरांशी बोलून रक्तात तपासायला लावतात, हिमोग्लोबिन, लोह, बी-१२, डी वगैरे. दूध किती पितो तेही विचारतील कारण जास्त दुधानं पोट भरतं आणि लोहही कमी पडतं. फळं-भाज्या अजिबातच नसतील तर सी जीवनसत्त्व कमी होऊन हिरड्यातून रक्त येतं, पाय दुखतात, असं काही असेल तर लपवू नका.

मग खरं काम सुरू होतं आणि ते हळू असतं. जे चार पदार्थ तो खातो ते काढून घ्यायचे नाहीत, तिथूनच पुढं सरकायचं. म्हणजे पांढऱ्या भातावर तुपाचा एक थेंब, ते जमलं की मीठ, मग कधीतरी वरणाच्या वरचं नुसतं पाणी अर्धा चमचा, तेही बाजूच्या वाटीत. मुरमुरे खातो ना, मग आपला सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा, पोह्यासारखा) लांब नाही, पण आधी कोरडेच, नुसत्या तेल-मिठाचे. नवीन पदार्थ आधी फक्त ताटाजवळ राहू द्यायचा, मग हात लावायचा, वास घ्यायचा, चाटायचा आणि थुंकला तरी चालतं. एकच पदार्थ दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो, कधी त्याहून जास्त. आणि बिस्किटाच्या चुऱ्यात, दुधात गुपचूप काही मिसळू नका हो, त्याला कळलं तर तेही सोडून देईल आणि मग चाराचे तीनच राहतील.

भीती जास्त असेल तर सोबत मानसोपचारतज्ज्ञ लागतात, स्पर्श-वासाचा त्रास असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे अशा गोष्टींची हळूहळू सवय करून घेणारे. एकट्या आहारतज्ज्ञाचं हे काम नाही.

सासूबाईंनाही एकदा सोबत न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की पटतं. जेवताना "एक घास खा ना राजा" हेही सध्या बंद, टीव्ही लावून भरवणंही बंद. वेळ आणि ताटात काय ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते त्याला ठरवू द्या.

तुमच्या जिल्हा रुग्णालयात बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालचं डीईआयसी केंद्र (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं) आहे का विचारा, हा कार्यक्रम १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. जाताना जुने वजनाचे कागद, तीन दिवसांचं खाल्लेलं लिहून आणि त्या बिस्किटाचं रिकामं पाकीट न्या. वजन उतरायला लागलं, परत चक्कर आली किंवा दूध-पाणीही बंद केलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.