नवा ई-रीडर जाहीर झाला की वाचक इतकं टोकाचं का बोलतात? मराठी वाचकानं त्यातलं कुणाचं ऐकायचं?

तुम्ही लिहिलंय की 2024 मध्ये रंगीत किंडल, म्हणजे अॅमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, जाहीर झालं तेव्हापासून तुम्ही वाचकांची मतं बघताय. एक म्हणतो याचीच वाट बघत होतो, दुसरा म्हणतो हे हवंय कुणाला, आणि या गलक्यात मराठी वाचणाऱ्यानं यंत्र घ्यावं की नाही हे काही कळेना.

मी कोल्हापुरातल्या एका सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर 22 वर्षं बसते. वाचकांची मतं ऐकणं हा माझ्या रोजच्या कामाचाच भाग आहे. माझा अनुभव सांगते: यंत्राबद्दल बोलताना माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या वाचनाच्या सवयीबद्दल बोलत असतो. ती सवय ओळखू आली की त्याचं मत कशातून आलंय ते उमगतं, आणि ते आपल्या उपयोगाचं आहे का हेही.

ती बातमी आली 16 ऑक्टोबरला. आमच्याकडे तेव्हा दिवाळी अंकांची गडबड सुरू होत होती. अंक दाखल करायचे, शिक्का मारायचा, कव्हर घालायचं, रॅकवर लावायचे. दुसऱ्या दिवशी टेबलापाशी तीन सभासदांनी तीन वेगळे प्रश्न विचारले. अंक योजनेचे पैसे भरायला आलेल्या काकूंनी विचारलं, "यात दिवाळी अंकातली व्यंगचित्रं रंगीत दिसतील का गं?" आमच्या अभ्यासिकेत एमपीएससीचा अभ्यास करणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, पीडीएफ कशी दिसते तेवढं सांगा." आणि एक निवृत्त मुख्याध्यापक, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले, त्यांनी रंगाची चौकशीच केली नाही. "अक्षर किती मोठं करता येतं?" एवढंच विचारलं.

काकूंना मी छापील अंकच घ्या म्हणाले. या रंगीत पडद्यात काळ्या-पांढऱ्या शाईच्या थरावर रंगांच्या बारीक गाळण्यांचा थर असतो. त्यामुळे काळी अक्षरं इंचाला 300 ठिपक्यांची असतात, पण रंगीत चित्र 150 वर येतं. रंग जुन्या वर्तमानपत्राच्या पुरवणीसारखे मऊ, थोडे फिके दिसतात. ज्यांना मोबाइलसारखे रंग हवे होते ते निराश झाले, आणि पुस्तकाचं मुखपृष्ठ निदान रंगीत दिसतंय यावर बाकीचे खूश झाले. यंत्र एकच, दोघांच्या अपेक्षा वेगळ्या. सुरुवातीच्या काही यंत्रांच्या पडद्याच्या तळाशी पिवळसर पट्टा दिसत होता, ती तक्रार मात्र खरी होती आणि कंपनीला त्यावर दुरुस्ती करावी लागली. म्हणून पहिल्या महिन्यातली तक्रार वाचताना ती कशाबद्दल आहे ते नीट बघा. दोष दुरुस्त होतो, तंत्राची मर्यादा तशीच राहते.

अभ्यासिकेतल्या मुलाला मी स्पष्टच सांगितलं, हे घेऊ नकोस. ए-फोर आकाराचं पान सात इंची पडद्यात बसवलं की अक्षरं मुंगीएवढी होतात, आणि मोठी केली की प्रत्येक ओळीला पान इकडून तिकडे ओढत बसावं लागतं. त्याच्या नोट्स झेरॉक्सवरच बऱ्या.

सरांना मात्र मी माझंच यंत्र आठवडाभर दिलं. त्यांनी अक्षर इतकं मोठं केलं की एका ओळीत चार-पाच शब्द मावत होते, आणि त्या आठवड्यात त्यांनी एक अख्खी कादंबरी वाचली. ऑपरेशनआधीचं वर्षभर ते आमच्याकडून फक्त मोठ्या टायपातली धार्मिक पुस्तकं नेत होते, तीही आवड म्हणून नव्हे. तसलीच तेवढी दिसायची. या पडद्याचा प्रकाश मोबाइलसारखा सरळ डोळ्यात येत नाही. शाईचे कण कागदासारखे प्रकाश परत फेकतात आणि आतले छोटे दिवे कडेनं पानावर उजेड पाडतात. सरांचा फायदा नव्या काढलेल्या यंत्रात आहे तसाच दहा वर्षांपूर्वीच्या यंत्रातही होता. पण नवं काही जाहीर झालं की याबद्दल कुणी बोलत नाही, कारण ती नवलाई उरलेली नाही.

टोकाचं बोलणं आजचं नाही. पहिलं किंडल 19 नोव्हेंबर 2007 ला आलं, किंमत 399 डॉलर. दिसायला बेढब, खाली कळफलक. त्याला नावं ठेवणारे भरपूर होते, आणि तरी पहिला साठा साडेपाच तासांत संपला. पुढच्याच जानेवारीत अॅपल कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स म्हणाले की वस्तू चांगली की वाईट हा प्रश्नच नाही, लोक आता वाचतच नाहीत. दोन वर्षांनी, 2010 च्या जानेवारीत, त्यांनीच आयपॅडसोबत पुस्तकांचं दुकानही जाहीर केलं. एवढा मोठा माणूस वाचकांबद्दल चुकतो, तर पहिल्या दिवशीच्या शेऱ्यांवरून आपण निर्णय घेऊ नये.

मला ज्या रागाचं खरोखर वाईट वाटलं तो बटणांचा. पान उलटायला बाजूला बटणं असलेलं ओअॅसिस नावाचं किंडल 2024 मध्ये बंद झालं आणि त्याचे वाचक फार कळवळून बोलत होते. संधिवात असलेल्या, किंवा झोपून एका हातानं वाचणाऱ्या माणसाला बटण हा चैनीचा भाग नसतो. अशी माणसं थोडी असतात, म्हणून त्यांचं कुणी ऐकत नाही. आमच्या वाचनालयात वरच्या मजल्यावरची पुस्तकं खाली आणून मागणारे सभासद असेच थोडे आहेत, म्हणून हे मला जास्त जाणवलं.

आता पाण्याबद्दल. यंत्र पाण्यात पडलं तरी चालतं, या वाक्यावर "पोहायला जाताना कोण वाचतं?" असं कुणीतरी लिहितंच. आमचं घर शाहूपुरीत कुंभार गल्लीत, तळमजल्यावर. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी 55 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 43 आहे. आम्ही नेसत्या कपड्यांनिशी राजारामपुरीत नणंदेकडे गेलो. हायवे बंद, नळाला पाणी नाही, वीज कधी आहे कधी नाही. परत आलो तेव्हा पुस्तकांची दोन कपाटं गाळात होती. गुळगुळीत कागदाची पुस्तकं तर विटेसारखी घट्ट झाली होती, पान सुटेना. साध्या कागदाची काही गच्चीवर, पंख्याखाली वाळवून वाचवली. वडिलांनी पेन्सिलनं खुणा केलेली चार पुस्तकं गेली, ती कुठल्याच यंत्रात परत येणार नाहीत.

त्या आठवड्यात पिशवीत किंडल होतं. पान बदलताना आणि आतल्या दिव्यांनाच काय ती वीज लागते, एकदा उमटलेली अक्षरं विजेविना तशीच राहतात, म्हणून चार्जिंग आठवडे टिकतं. नणंदेच्या घरी अकरा माणसं होतो. रात्री मोबाइलची बॅटरी सगळे जपून वापरत होते, तेव्हा मी मुलांना किंडलवरून गोष्टी वाचून दाखवल्या. म्हणून पाण्याच्या आणि बॅटरीच्या मुद्द्याला कुणी हसलं की मला राहवत नाही.

तुमच्या प्रश्नातला मराठीचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि जी मतं तुम्ही वाचताय त्यात तो जवळजवळ नसतो. जगभरचे लोक रंग, बटणं, किंमत यावर भांडतात, कारण त्यांच्या भाषेतलं पुस्तक तिथे असणार हे त्यांनी गृहीतच धरलंय. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकं अधिकृतपणे आली ती 2016 च्या अखेरीस. त्याआधी भाच्याच्या यंत्रावर मी मराठी उघडून बघितलं होतं, जोडाक्षरं तुटलेली आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर. आज तसं होत नाही. तरी खरेदीआधी मराठी पुस्तकाचं नमुना प्रकरण उघडा आणि चार गोष्टी बघा. "दुसऱ्या", "तऱ्हा" यातला अर्धा र नीट येतो का. ल पाकळ्यांचा आहे का, श देठाचा आहे का. महाराष्ट्र शासनानं 2009 मध्ये ठरवून दिलेली ही मराठी वळणं आहेत आणि हिंदी वळणाच्या टायपात ती बदललेली दिसतात. ओळीच्या शेवटी शब्द कुठे तुटतो. आणि टंकलेखनाच्या चुका किती आहेत. कारण आपली बरीच जुनी पुस्तकं युनिकोडच्या (सगळ्या यंत्रांवर सारखी चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या टायपात जुळवलेली, ती ई-बुक करताना रूपांतर होतं आणि कुणी बारकाईनं मुद्रितं तपासली नाहीत तर प्रत्येक पानावर खडे लागतात.

फुकट आणि कायदेशीर वाचायचं असेल तर मराठी विकिस्रोत हे इंटरनेटवरचं खुलं ग्रंथालय आहे. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी पुस्तक स्वामित्वहक्कातून मोकळं होतं. हरिभाऊ आपटे, साने गुरुजी असे मोकळे झाले आहेत. तिथून ईपब, म्हणजे ई-बुकची फाइल, उतरवून किंडलवर पाठवता येते.

किंमतीचंही सांगते. 2025 मध्ये आपल्याकडे आलेलं पेपरव्हाइट नावाचं सात इंची किंडल 16,999 रुपयांना होतं. साडेतीनशे रुपयांची 48 पुस्तकं तेवढ्यात येतात. वर्षाला चार पुस्तकं वाचणाऱ्यानं ती विकत घ्यावीत किंवा जवळच्या वाचनालयात नाव घालावं, हे मी मनापासून सांगते.

आणि एक राग असा आहे ज्यात मी स्वतः सामील आहे. 2009 च्या जुलैमध्ये कंपनीनं जॉर्ज ऑर्वेलची विकलेली पुस्तकं लोकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतली, कारण विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. 26 फेब्रुवारी 2025 पासून विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून केबलनं यंत्रात टाकायची सोयही बंद झाली. आमच्या गावात करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून उभं आहे. कोल्हापूर संस्थानानं 1945 मध्ये ग्रंथालयांसाठी कायदा केला, देशातला तसा पहिला. एक पुस्तक दाखल करायचं आणि ते दोनशे हातांत फिरवायचं, यावर माझं आयुष्य गेलं. विकत घेतलेलं पुस्तक मी शेजारणीला देऊ शकत नाही, हे मला पटत नाही आणि पटणारही नाही. तरी सरांना हाताला धरून मी हे यंत्र दिलं, कारण त्यांना वाचायला हवं होतं.

तेव्हा मतं वाचताना आपल्यासारख्या डोळ्यांचा, आपल्यासारख्या हातांचा आणि आपल्या भाषेत वाचणारा माणूस शोधा, आणि यंत्र असलेल्या ओळखीच्या कुणाकडून ते एक संध्याकाळ मागून घ्या. रंगीतची गरज कथा-कादंबरी वाचणाऱ्याला नाही.

सरांना पुढे मुलीनं नवीन यंत्र घेऊन दिलं. वाचनालयात ते अजून येतात. एखादं पुस्तक मागतात, ते ई-बुकात आहे का आम्ही बघतो, बहुतेकदा नसतं. मागितलेली आणि न मिळालेली ती पुस्तकं मी रजिस्टरच्या शेवटी लिहून ठेवते. यादी आता चौथ्या पानावर गेली आहे.