वाचक विचारतात : पोलंडच्या जुन्या गायकांत आधी कोणाला ऐकावे?

प्रश्न : नाट्यसंगीत ऐकत वाढलो. आमचे रॉयल ऑपेरा हाउस २०१६ साली पुन्हा उघडले आणि ऑपेराची गोडी लागली. पोलंडच्या रेश्के भावंडांचे नाव वारंवार वाचनात येते. त्यांचे गाणे आज ऐकायला मिळते का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : थोडे मिळते, पण तुम्ही सुरुवात त्यांच्यापासून करू नका. मार्सेला सेम्ब्रिखपासून करा. वडिलांकडे व्हायोलिन-पियानो शिकलेली ही बाई न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या पहिल्याच हंगामात, १८८३ साली, तिथे गायली. पुढच्या वर्षी एकाच कार्यक्रमात तिने व्हायोलिन वाजवले, पियानोवर शोपँची रचना वाजवली आणि गायलीही. तिच्या १९०३ पासूनच्या तबकड्या उपलब्ध आहेत. तान कितीही जलद असो, स्वर सुटा आणि नेमका लागतो. तुमच्या कानाला हे लगेच पटेल.

मग यान रेश्के. वॉर्सात १८५० साली जन्म. आधी खालच्या पट्टीत, बॅरिटोन म्हणून गायचा. १८७९ मध्ये माद्रिदला टेनर, म्हणजे उंच पट्टीचा गायक, म्हणून उभा राहिला, पण जमले नाही. रंगभूमीपासून काही वर्षे दूर राहिला आणि १८८४ मध्ये पॅरिसला परतला, तो त्या काळचा सर्वांत नावाजलेला टेनर झाला! त्याचा आवाज उरला आहे तो मेणाच्या नळकांड्यांवर. मेट्रोपॉलिटनचा ग्रंथपाल मेपलसन याने १९०१ च्या सुमारास चालू प्रयोगात ती भरली. 'लाफ्रिकेन' या ऑपेरामधला त्याचा वास्को द गामा ऐका. खरखर इतकी की पहिल्यांदा काहीच कळत नाही. हेडफोन लावून दोन-तीनदा ऐका. वर चढताना आवाज पातळ होत नाही, उलट उजळतो, हे हळूहळू जाणवते. धाकटा भाऊ एडवर्ड, खर्जाचा बास, १९०३ मध्ये नीट ध्वनिमुद्रित झाला. मोजकीच गाणी, पण जरूर ऐका.

बहीण जोसेफिन मात्र गेली ती गेलीच. मास्नेच्या 'लाहोरचा राजा' या ऑपेराच्या पहिल्या प्रयोगात, १८७७ साली पॅरिसला, तिने सीता केली होती. भारतात घडणाऱ्या त्या कथेची नायिका सर्वांत आधी रंगवली ती हिने! १८९१ मध्ये, तबकड्यांचा जमाना येण्याआधीच, ती वारली. मला तिची चुटपुट भावांपेक्षा जास्त लागते.

सेम्ब्रिख आणि दोघा रेश्के भावांनंतर अडाम डिडुर हा पोलिश बास घ्या. १९१३ मध्ये 'बोरिस गोदुनोव' ही रशियन ऑपेरा अमेरिकेत पहिल्यांदा झाली, तेव्हा संगीत-संचालक तोस्कानिनींच्या हाताखाली बोरिस त्यानेच रंगवला, आणि दुसरे महायुद्ध संपताच, सत्तरी ओलांडलेली असताना, पोलंडच्या सायलेशिया भागात नवी ऑपेरा मंडळी उभी केली.